वाढपी ओळखीचा आहे का?

रविवारी सकाळी औषधांचा डबा आवरायला घेतला. तारीख होती एकवीस. सासूबाईंच्या बीपीच्या तीस गोळ्या मी एक तारखेला आणल्या होत्या. रोजची एक, म्हणजे नऊ-दहा उरायला हव्यात. उरल्या होत्या बावीस! दोनदा मोजल्या. बचत गटाचं रजिस्टर गेली बारा वर्षं मीच लिहिते, त्यामुळे मोजण्यात चूक होईल असं काही वाटेना.

"आत्याबाई, गोळी रोज घेताय ना?"

त्यांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "बंद केली म्या. त्या गोळीनं किडनी खराब होती म्हणे. सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या खाऊ लागले. बरंच वाटू लागलं आता."

"कोण म्हणालं असं?"

"कोण म्हंजी? सगळेच सांगू लागलेत. एक नाही, दहा-बारा डॉक्टर सांगतेत. रोज सांगतेत. सगळेच काय खोटं बोलतेत?"

हे दहा-बारा डॉक्टर कुठले, ते मला लगेच कळलं. ते सगळे सासूबाईंच्या उशाशी असलेल्या मोबाइलमध्ये राहत होते!

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. बीपी निघालं १८० वर १००. डॉक्टर रागावले नाहीत. सासूबाईंना समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं, की हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून "बरं वाटतंय" यावर भरवसा ठेवायचा नसतो. किडनीची काळजी असेल तर बीपी आटोक्यात ठेवणं हीच किडनीची काळजी. गोळीबद्दल शंका आली तर येऊन विचारा, गोळी बदलता येते. पण मनानं बंद करायची नाही. निघताना मला म्हणाले, "बरं झालं, तुम्ही गोळ्या मोजल्यात."

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. समजा, मी त्या रविवारी डबा आवरला नसता तर?

रात्री सगळे झोपल्यावर मी त्यांचा मोबाइल घेऊन बसले. काय काय पाहिलं त्याची यादी त्यात असते. मी ती खालून वर वाचत गेले. सुरुवातीला सगळी कीर्तनं आणि हरिपाठ. मग एक दिवस, 'गुडघेदुखीवर घरगुती उपाय'. हा व्हिडिओ त्यांना कुणी लावून दिला होता? मीच! दोन महिन्यांपूर्वी त्यांचे गुडघे दुखत होते, मला स्वयंपाकाची घाई होती, म्हणून मीच शोधून हातात दिला होता. त्याच्यापाठोपाठ आपोआप दुसरा लागला, 'सांधेदुखीच्या गोळ्यांचे दुष्परिणाम'. मग तिसरा, 'कोणतीच गोळी न घेता निरोगी राहा'. मग साखरेच्या गोळ्या, मग बीपीच्या गोळ्या. आणि शेवटी, 'ही गोळी घेत असाल तर आजच थांबवा'.

बीपीच्या गोळीबद्दल सासूबाईंनी एकदाही काही शोधलं नव्हतं. त्यांना तर टाइप करताच येत नाही. घरातल्या कुणी शोधलं नव्हतं. म्हणजे ही गोळी बंद करा असं त्यांना सांगावं, हे ठरवलं कुणी?

कुणीच नाही. आणि गंमत अशी, की सासूबाई आजही म्हणतात, "म्या मह्या मनानंच बंद केली."

कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा एआय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी माणूस येतो. किंवा मुलांचा गृहपाठ झटकन लिहून देणारं काहीतरी येतं. २०२४ च्या जूनमध्ये व्हॉट्सॲपवर ते निळं-जांभळं वर्तुळ आलं, तेव्हा आमच्या गटातल्या बायका विचारायच्या, "ताई, हे काय नवीन आलंय?" खरं सांगायचं, तर एआय त्याच्या कितीतरी आधीच आपल्या घरात येऊन बसलं होतं. फक्त त्यानं नाव सांगितलं नव्हतं, की दार वाजवलं नव्हतं.

आपल्याकडे एक म्हण आहे. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसलं तरी चालतं. किती खरी आहे! ताटात काय पडणार, किती पडणार, जिलबी आपल्यापर्यंत पोचेस्तोवर संपणार की नाही, हे आचारी ठरवत नाही, यजमानही ठरवत नाही. ते वाढप्याच्या हातात. मोबाइलमधलं हे यंत्र म्हणजे असा वाढपी आहे. तो तुम्हाला 'हे खाच' असं कधीच म्हणत नाही. फक्त आधी काय वाढायचं, पुन्हा काय वाढायचं आणि कुठलं पातेलं तुमच्या रांगेत आणायचंच नाही, एवढंच तो ठरवतो. जेवतो आपणच. म्हणून आपल्याला वाटतं, आपणच निवडलं.

हा वाढपी शिकतो कसा, तेही समजून घेण्यासारखं आहे. ॲमेझॉनच्या तीन अभियंत्यांनी २००३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की ज्यांनी ही वस्तू घेतली त्यांनी आणखी कुठली घेतली, हे पाहून पुढच्या गिऱ्हाइकाला वस्तू सुचवायची. यूट्यूबनं २०१२ मध्ये ठरवलं, की व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला जास्त किंमत द्यायची. २०१६ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी आपली रीत जगापुढे मांडली. लाखो व्हिडिओंतून आधी काही शे निवडायचे, मग त्यांची तुमच्यासाठी रांग लावायची. आपण तांदूळ आधी चाळतो आणि मग निवडतो, तसंच काहीसं. आणि २०१८ मध्ये कंपनीच्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं सांगितलं, की लोक यूट्यूबवर जेवढा वेळ घालवतात, त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ यंत्रानं सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे शंभरातली सत्तर मिनिटं आपण 'मागितलेलं' नाही, 'वाढलेलं' पाहतो!

यात कुणी बसून कुणाच्या सासूबाईंचं वाईट चिंतलेलं नसतं. यंत्राला एवढंच शिकवलेलं असतं, की माणूस पंगतीतून उठता कामा नये. आणि माणूस कशानं खिळून राहतो? भीतीनं. 'गोळी नियमित घ्या' हे ऐकायला कोण थांबेल? ते तर आपल्याला माहीतच आहे. 'गोळीनं किडनी जाते' म्हटलं की सासूबाई थांबतात, तुम्ही थांबाल, मीही थांबेन. थांबलो की यंत्राला वाटतं, हिला हे आवडतं, अजून वाढा.

आणि 'दहा-बारा डॉक्टर'? तीच तर खरी मेख आहे. गावात दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली, तर ती खरी मानायची आपली पिढ्यान् पिढ्यांची सवय. दहा तोंडं म्हणजे दहा पुरावे. पण इथं दहा तोंडांना एकाच हातानं रांगेत उभं केलेलं असतं. नेमकं उलटं सांगणारे शंभर चांगले डॉक्टर तिथंच, त्याच मोबाइलमध्ये असतात. ते पातेलं सासूबाईंच्या रांगेत आलंच नाही.

हे सगळं डोक्यात घोळत असताना आमच्या गटाची बैठक आली. जुन्या जालन्यातल्या एका वस्तीत चौदा जणींचा गट आहे. कुणाचा नवरा रोलिंग मिलमध्ये, कुणाचा मोंढ्यात हमाल, कुणी स्वतः शिवणकाम करते, एक-दोघी मोसंबीच्या बागेत मजुरीला जातात. नऊ जणींकडे मोबाइल होते. हप्ते गोळा झाल्यावर मी म्हटलं, आज एक खेळ खेळू. सगळ्यांनी व्हिडिओचं ॲप उघडायचं. काहीही शोधायचं नाही. वरचे तीन व्हिडिओ काय आहेत ते मोठ्यानं वाचायचं.

आधी हशा पिकला. मग हळूहळू सगळ्या गप्प होत गेल्या.

जिच्या मुलीचं लग्न ठरलंय, तिच्याकडे सोन्याचे हार आणि वर 'घरबसल्या पाच मिनिटांत कर्ज'. जिचा नवरा पितो, तिच्याकडे 'न सांगता दारू सोडवा'. एकीकडे नुसत्या सुनांच्या कागाळ्यांच्या गोष्टी. दुसरी तिच्याच शेजारी बसलेली, तिच्याकडे नुसत्या सासवांच्या! दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. एकीनं मात्र वाचायची पाळी आली तेव्हा मोबाइल मांडीवर पालथा घातला. "मह्यात काही नाही," म्हणाली. मी पुढं विचारलं नाही. पण एवढं कळलं, की जे तिनं बारा वर्षांत आम्हा तेरा जणींना सांगितलं नव्हतं, ते त्या मोबाइलला ठाऊक होतं.

मग एकीनं विचारलं, "म्हंजी ताई, सगळ्यांच्या मोबाइलवर एकच नसतंय?"

या प्रश्नानं मी हलले. आपण एवढ्या शिकलेल्या, पण हे आपण तरी कधी नीट विचारलं होतं का? टीव्ही होता तेव्हा मालिका सगळ्यांना एकच दिसायची. आवडली नाही तर सगळ्या मिळून नावं ठेवायचो. पेपर अजूनही सगळ्यांना एकच येतो. तुम्ही हे पान वाचताय, तेच तुमची जाऊ वाचते. मोबाइलची पंगत तशी नाही. तिथं प्रत्येकीला वेगळ्या खोलीत बसवून वाढलेलं असतं. शेजारणीच्या ताटात काय पडलं ते दिसतच नाही, मग 'मला का नाही' असं विचारणार तरी कशी?

'मला का नाही' यावरून आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगते. जुळी भावंडं आहेत, एक मुलगा, एक मुलगी. दोघंही बारावी झाली, मार्क जवळजवळ सारखेच. उलट दोन टक्के मुलीलाच जास्त. दोघंही कामाच्या नाहीतर कोर्सच्या शोधात. मुलाच्या मोबाइलवर आयटीआय, मशीनचे कोर्स, पोलीस भरतीच्या अकादमी येतात. मुलीच्या मोबाइलवर मेंदी, मेकअप आणि नेल आर्ट. ती बिचारी म्हणते, "काकू, मुलींसाठी हेच कोर्स निघालेत सध्या." निघालेत? की तिला दाखवलेत?

हे यंत्रानंच केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिनं काय काय पाहिलं, मैत्रिणींनी काय पाठवलं, याचाही हात असेल. पण अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हीच गोष्ट मोजून पाहिली होती. त्यांनी फेसबुकवर नोकरीच्या जाहिराती दिल्या. पैसे सारखेच, 'सगळ्यांना दाखवा' असंच सांगितलेलं. तरी टोकाच्या निकालांत असं दिसलं, की सुपरमार्केटमधल्या कॅशियरची जाहिरात ज्यांना दिसली त्यांत ८५ टक्के बायका होत्या, आणि लाकूडकामाच्या उद्योगातल्या नोकरीची जाहिरात ज्यांना दिसली त्यांत ९० टक्के पुरुष. जाहिरात देणाऱ्यानं भेद केला नव्हता. वाढप्यानं केला. कारण तो कालच्या पंगतीवरून आजची पंगत वाढतो. काल बायका काय करत होत्या, तेच आज त्यांच्यापुढे ठेवतो.

नोकरीला नकार आला तर माणूस रडतो, भांडतो, पुन्हा अर्ज करतो. पण जी दिसलीच नाही, तिच्यासाठी रडणार कसं? आमच्या त्या मुलीला मी हाताला धरून आयटीआयमध्ये घेऊन गेले. तिथल्या फलकावर सगळे कोर्स एकाखाली एक लिहिलेले होते, मुलींसाठी वेगळा फलक नव्हता. ती बराच वेळ तो फलक वाचत उभी होती. पुढं काय करायचं ते ती ठरवेल. मेकअपचा कोर्स केला तरी माझी हरकत नाही. पण सगळं ताट बघून केलेला असावा, एवढंच.

आता कुणी म्हणेल, ताई, पूर्वी तरी आपण कुठं आपल्या मनानं निवडत होतो? अगदी बरोबर. आमचं जालना बियाण्यांचं गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच महिको सुरू केली, आणि पुढं जालन्याच्या बियाण्याचं नाव देशभर झालं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आजही दुकानांसमोर शेतकऱ्यांची गर्दी होते. 'कोणतं वाण घेऊ?' असं विचारलं, की दुकानदार ज्यात चार पैसे जास्त सुटतात तेच पुढं करत असेल, नाही असं नाही. साडीच्या दुकानात "ताई, हा शेवटचाच पीस" हे वाक्य तर आपण लग्नाआधीपासून ऐकतोय. स्थळ सुचवणाऱ्या आत्याचंही काहीतरी गणित असायचंच.

पण त्या दुकानदाराचं तोंड आपल्याला माहीत असतं. बियाणं उगवलं नाही तर त्याच्या पायरीवर जाऊन भांडता येतं. आत्याचा स्वभाव घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. "ती असंच म्हणायची," असं म्हणून सोडून देता येतं. म्हणजे वाढपी ओळखीचा असतो. त्याचा लोभही ओळखीचा असतो. मोबाइलमधल्या वाढप्याला तोंड नाही, पायरी नाही. तो आपल्याला पुरता ओळखतो, आपण त्याला अजिबात नाही.

माझीच फजिती ऐका. एकदा अप्पेपात्राची किंमत पाहिली. पंधरा दिवस जिथं जाईन तिथं अप्पेपात्र! शेवटी 'फक्त दोनच शिल्लक, लवकर करा' असं दिसलं आणि रात्री साडेअकराला मी ते मागवलं. आठ दिवसांनी सहज पाहिलं, तर अजूनही 'फक्त दोनच शिल्लक'! घरी आलेल्या अप्पेपात्रात आजवर दोनदा अप्पे झालेत. पुढं वाचनात आलं, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा युक्त्यांवर बंदी घालणारी नियमावली काढली आहे. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं लिहिणं, हे सगळे प्रकार त्यात आहेत. तक्रार करायला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तो फ्रिजवर लिहून ठेवा.

मग मोबाइल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. यंत्र वाईट नाही. विचारल्यावर सांगणारं यंत्र आणि न विचारता पुढं सरकवणारं यंत्र, यांत फरक आहे. कपाशीवर गुलाबी बोंडअळी येते तेव्हा शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर फवारणी करायची, हा नियम. वाधवानी एआय या संस्थेनं असं ॲप तयार केलं, की सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढला की यंत्र ते मोजतं आणि फवारणीची वेळ आली की नाही ते सांगतं. राज्याच्या कृषी विभागाचं 'महाविस्तार' हे ॲपही २०२५ मध्ये आलं, त्यात मराठीत प्रश्न विचारता येतो. इथंही एआयच आहे, इथंही माणसाचा निर्णय बदलतो. पण प्रश्न शेतकऱ्याचा असतो. उत्तर पटलं नाही तर सापळा समोर आहे, पतंग पुन्हा मोजता येतात. सासूबाईंच्या बाबतीत मात्र प्रश्नच कुणी विचारला नव्हता. नुसती उत्तरं येत राहिली.

गटात आम्ही मिळून काही गोष्टी ठरवल्या. फार मोठ्या नाहीत, कुणालाही जमतील अशाच आहेत. एक, आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं. पंगतीत वाढप्यानं हाक मारूनच वाढावं! दोन, नको असलेल्या व्हिडिओशेजारी तीन ठिपके असतात, ते दाबून 'नको' असं सांगायचं. आपण गप्प बसलो की यंत्र त्याला होकार समजतं. तीन, काय पाहिलं त्याची यादी अधूनमधून पुसायची. यूट्यूबवर तर २०२३ पासून ही यादी पुसून बंद ठेवली, की पहिलं पान जवळजवळ कोरं दिसतं. एकीनं तसं करून दाखवलं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "आता गं बाई, मोकळंच झालं की सगळं!" चार, औषध, कर्ज, सोनं आणि मुलांचं शिक्षण या चार गोष्टींचा निर्णय मोबाइल हातात असताना घ्यायचा नाही. एक रात्र जाऊ द्यायची आणि एका तरी जिवंत माणसाला विचारायचं. आणि पाच, कुठलीही गोष्ट 'सगळेच सांगू लागलेत' असं वाटलं, की शेजारणीचा मोबाइल मागून बघायचा. तिलाही तेच सांगू लागलेत का?

हे झालं गटाचं. घरातला हिशेब मात्र एवढ्यानं मिटला नाही.

त्या रात्रीच्या यादीत मला आणखी एक गोष्ट दिसली होती. वेळा. दुपारी दोन ते पाच, रात्री नऊ ते साडेअकरा, रोज. त्या वेळात मी कुठं होते? दुपारी गटाच्या कामाला, नाहीतर पंचायत समितीत. मुलगा क्लासला, हे दुकानात. रात्री आम्ही सगळे घरातच होतो, आपापल्या मोबाइलमध्ये. सासूबाई पूर्वी भोकरदनकडच्या त्यांच्या गावी ओट्यावर बसायच्या, येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा. इथं फ्लॅटला ओटा नाही. मामंजी गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांचा वेळ जावा म्हणून मोबाइल आणला आम्हीच, आणि वेळ जातोय म्हणून सुटकेचा श्वासही आम्हीच सोडला. वस्त्यावस्त्यांत जाऊन आरोग्याबद्दल बोलणारी मी. माझ्या घरात गोळी बंद होऊन दोन आठवडे झाले तरी मला पत्ता नव्हता. त्यांना काय दुखतंय, कशाची भीती वाटते, हे ऐकायला घरात कुणी नव्हतं. यंत्र होतं. ते ऐकत होतं म्हणा, पाहत होतं म्हणा. घरचे वाढायला उठले नाहीत, म्हणून परका वाढपी पंगतीत शिरला.

आता दुपारी जमेल तेव्हा मी तीनच्या चहाला घरी येते. रोज जमतं असं खोटं सांगणार नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस. नातू त्यांना बोलून शोधायला शिकवतोय. आता त्या स्वतः मोबाइलला म्हणतात, "हरिपाठ लाव." गोळ्यांचा हिशेब कॅलेंडरवर आहे. गोळी घेतली की त्या स्वतः तारखेवर फुली मारतात. गेल्या वेळी बीपी १३८ वर ८६ होतं.

परवा चहा पिता पिता त्यांचा एक व्हिडिओ संपला आणि खाली दुसरा येऊन थांबला. 'या पाच चुका करत असाल तर सावधान!' त्यांचं बोट तिकडं गेलं. मी काही बोलले नाही, मुद्दामच. क्षणभर त्या थांबल्या. मग पंगतीत जिलबीचा आग्रह नको असला की ताटावर धरतात ना, तसा तळहात त्यांनी मोबाइलवर आडवा धरला.

"पुरे बाबा," म्हणाल्या, "पोट भरलं."

आणि मला म्हणाल्या, "तू सांग, काय झालं आज गटात?"